डाव्या दाराला रंगाचे तीन हात

३ फेब्रुवारी, सोमवार

ठरलं. गाडी गॅरेजवाल्याकडे द्यायची नाही. तो म्हणतो, महिना लागेल. महिनाभर मी काय करू? घरात नुसत्या येरझाऱ्या घालू? पॉलिश पेपर, पुट्टी, प्रायमर, रंग – सगळं घेऊनच आलो. मीच करणार!

फाटकाच्या खांबाला घासून डावं दार पार दबलंय. गाडी लेक चालवत होती, ही शेजारी बसलेली. हिचं मनगट मोडलं. लेकीला साधं खरचटलंही नाही! पंधरा दिवस झाले, मी तिच्याशी एक शब्द बोललेलो नाही. आत येते, खाली मान घालून जेवते, उठते. येत्या रविवारी नोकरीसाठी दुसऱ्या गावी निघालीय. जाऊ दे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

चार तास घासलं. खांदे भरून आले. खाली पत्रा दिसला की बरं वाटतं, दोन मिनिटं. मग परत डोकं फिरतं.

लेक दारातून म्हणाली, "बाबा, पाणी मारून घासा. चरे पडणार नाहीत."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. ती आत गेल्यावर बादली भरून आणली. पाण्याने खरंच गुळगुळीत होतंय. चडफडलो.

५ फेब्रुवारी, बुधवार

पुट्टी भरली. वाळेना. दर दहा मिनिटांनी बोट लावून पाहिलं, आता बोटाचे ठसे घासायचे!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काचेला कागद चिकटवले, प्रायमर दिला. ही गळ्यात हात अडकवून खुर्चीत बसलेली. म्हणते, "वरून खाली मारा, आडवा नको." हिला यातलं काय कळतं? तसं म्हटलंही.

मग मी लेकीबद्दल बोलायला लागलो. बेफिकीर, डोळे फुटलेत, पुन्हा किल्लीला हात लावू देणार नाही, वगैरे. ही एकदम उठली. "पुरे करा आता! किती दिवस तेच तेच?" चहा न पिताच आत.

मनगट स्वतःचं मोडलं, आणि बाजू तिची घेते! आई शेवटी आई.

८ फेब्रुवारी, शनिवार

पहिला हात. ब्रश जड झाला, रंग ओघळला. पुसायला गेलो तर आणखी बिघडलं. चिडून ब्रश फेकला, तो नेमका धुतलेल्या चादरीवर.

९ फेब्रुवारी, रविवार

लेक गेली. टॅक्सी फाटकाशी उभी. मी दाराला दुसरा हात देत होतो. पाया पडायला वाकली, मी म्हणालो, "हात रंगाचे आहेत." एवढंच. तिने बॅग स्वतःच उचलली.

टॅक्सी वळेपर्यंत मी ब्रश घेऊन तसाच उभा. हात खालीही येत नव्हता, वरही जात नव्हता.

दुपारी झोप नाही. सहा वेळा बाहेर जाऊन दार बघून आलो. रंग सारखा बसलाय. मग काय चुकतंय?

१० फेब्रुवारी, सोमवार

ही कालपासून धड जेवत नाही. "दुखतंय का?" विचारलं. "नाही." डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, "नको." घरात दोघंच, तरी पाय ठेवायला जागा नाही असं वाटतंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी तिसरा हात देत होतो. ही मागे येऊन उभी राहिली.

"अहो, गाडी मी चालवत होते."

मला आधी कळलंच नाही.

"महिनाभर ती मला शिकवत होती. तुम्हाला सांगितलं असतं तर चारचौघांत हसला असता. आपटल्यावर तीच म्हणाली – आई, माझ्यावर ढकल, बाबा दोन दिवस रागावतील आणि विसरतील."

दोन दिवस! आज तेविसावा.

दार अर्धंच झालंय. लेकीला तीनदा फोन लावला. उचलत नाही.