मागची सीट काढण्याआधी

अमरावती,
रविवार, होळीच्या आधीचा

तीर्थरूप खुशालमामा यांस,

पौर्णिमाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठही अंगं जमिनीला टेकवून. मी खुर्चीवर बसून लिहिते आहे, तेव्हा तूर्त दोन हातांचाच धरावा. बाकीची अंगं अकोल्याला आल्यावर टेकवीन.) आम्ही इकडे बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? मनकर्णामामीचा खोकला गेला का? अकोल्याचं ऊन अमरावतीच्या पुढे गेलंच असेल, आणि त्याचा तुम्हाला दरवर्षी वाटणारा अभिमान यंदाही वाटो. डोळे कसे आहेत? (हा प्रश्न सहज विचारला आहे, असं लिहिणार होते. पण तो तितकासा सहज नाही. त्याबद्दल पुढे, धीर झाला तर.)

पत्र लिहिण्याचं कारण, मी गाडी शोधते आहे. तुमच्याच बाळापूर रस्त्याला कापसाच्या एका हौशी जिनिंगवाल्याने आपल्या पडीक जमिनीत वळणावळणाचा डांबरी ट्रॅक बांधला आहे. महिन्यातून एका रविवारी फी भरायची, हेल्मेट घालायचं आणि आपापली गाडी तिथे मनसोक्त पळवायची. शर्यत नाही, बक्षीस नाही, पहिला-दुसरा नाही. मी हे मामीला फोनवर समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे पैसे देऊन जायाचं, गरगर फिराचं, अन् जथून निंगालो तथीच उतराचं?" मामा, इतकी नेमकी व्याख्या त्या जिनिंगवाल्याच्या पत्रकातही नाही.

शेहेचाळिसाव्या वर्षी मला हे काय सुचलं, असं तुम्ही विचाराल. मी स्वतःलाही विचारलं. अकरावीला वर्तुळाकार गती शिकवताना मी इतकी वर्षं फळ्यावरच्या वळणावरून मोटार नेते आहे, तेव्हा ती प्रत्यक्षात न्यावी हे शिक्षिकेचं कर्तव्य आहे, असं मी रोजनिशीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी वाचलं तर ते अनुदानाच्या अर्जासारखं वाटलं. खोडलं आणि खरं ते लिहिलं: मला गाडी जोरात चालवायची आहे. एवढं लिहून मी उठले आणि खोलीचं दार लावून घेतलं.

घरची गाडी नेता येत नाही. तिच्या दारांच्या आतलं प्लास्टिक नितेशने अजून काढलेलं नाही. मी विचारलं तेव्हा "ने ना" म्हणाला खरा, पण मग जेवताना भाजीत मीठ आहे की नाही हे त्याला सांगता येईना. नवऱ्याचा असा होकार वापरणं मला प्रामाणिकपणाचं वाटलं नाही. म्हणजे जुनी घ्यायची. गाडी हलकी हवी, ब्रेक चांगले हवेत, गियर हाताचे हवेत, सुटे भाग गल्लीत मिळावेत, आणि ठोकली तर रडू येणार नाही इतकी स्वस्त हवी. शिवाय जाणकारांचा सल्ला असा की मागची सीट काढून टाकावी, तेवढंच वजन घटतं. या सीटनेच माझा घात केला.

जुन्या गाड्यांचा धंदा करणारे रऊफभाई आमच्या ओळखीचे. त्यांनी आधी मला ट्रॅक्टरएवढी उंच गाडी दाखवली, कारण "मॅडम, कालिजात उतरल्यावर रुबाब दिसला पायजे." रुबाबाचं वजन होतं, हे मी त्यांना समजावलं. मग त्यांनी एक लहान गाडी काढली आणि आम्ही वलगाव रस्त्याला ती चालवून पाहायला निघालो. वाटेत शाळेपाशी वीसची पाटी होती, म्हणून मी वीसवर आले. (शाळेला सुटी होती. पण पाटीवर तसं लिहिलेलं नव्हतं.) मागून एक ट्रॅक्टर आला, हॉर्न वाजवून थकला आणि पुढे निघून गेला. त्याच्या ट्रॉलीतल्या बायांनी आमच्याकडे ज्या सहानुभूतीने पाहिलं, ती मी विसरणार नाही. रऊफभाई खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मॅडम, तिसरा गियर भी इसीच कीमत में है. लगा के तो देखो." मी सांगितलं की रस्त्यावर कायदा असतो, ट्रॅकवर मोकळीक असते, आणि दोन्हींची गल्लत करू नये. त्यावर ते म्हणाले, "तुमच्या हातात गाडी वीस साल टिकन. पन तिकडं न्याची असन, तर डिरायव्हर ठेवा."

त्या गाडीचं इंजिन त्यांच्याच मते "जरासं उदास" होतं. म्हणून ते मला मोर्शीला घेऊन गेले. तिथले संत्रावाले जानराव आपली लहान गाडी विकणार होते. गाडी पाहिली आणि मामा, मला ती आवडली. किंमत जुळली, चहा झाला, पुडा फोडून पेढा हातावर आला. एवढ्यात जानरावांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने बोनेट पुसलं. व्यवहार ठरल्यावर! विकलेली वस्तू कोण पुसतं? माझ्या मनात आलं, या माणसाला आपण अंधारात ठेवतो आहोत. विकणाऱ्याला पुढचं विचारायचा हक्क नसतो, हे मला कळतं. तरीही मी पेढा तसाच हातात धरून सगळं सांगितलं: ट्रॅक, हेल्मेट, वळणं आणि मागची सीट.

"सीट काढसान? काहून?" जानरावांनी विचारलं.

"वजन कमी करायला."

"मंग आमची बुढी कुठं बसन?"

गाडी विकल्यावर त्यांच्या आईचा त्या सीटशी काय संबंध, हे मला विचारता आलं असतं. विचारलं नाही, कारण म्हातारबाई ओट्यावर बसून माझ्याकडेच बघत होत्या. जानरावांच्या पत्नी सुभद्राबाई आतून बाहेर आल्या. "बाई, चार मान्सं बसाले गाडी असते. तुमाले कोनाले बसवाचंच नाही, तं सायकल घ्या." गाडी मिळाली नाही. पेढा मात्र परत घेतला नाही, उलट पिशवीभर संत्री दिली. परतताना अर्ध्या रस्त्यात रऊफभाईंनी पिशवीतलं एक संत्रं काढलं. ते सोलत म्हणाले, "मॅडम, खरं बोलाले कोनं सांगतलं होतं?"

आता मुद्द्याचं. मला हवी तशी गाडी मी लहानपणापासून... तेही खरं नाही, लग्नापासून पाहते आहे. ती तुमची झेन. हलकी, ब्रेक पक्के, फिटनेसचं नूतनीकरण तुम्ही नुकतंच करून आणलेलं. पण ती मी मागणार नाही. दिवाळीत एका व्यापाऱ्याने नुसती किंमत विचारली, तर तुम्ही त्याच्याशी बोलणं टाकलंत. शिवाय मागच्या सीटवर मामी बसते. (पुढे का बसत नाही, हे मी तिला एकदा विचारलं होतं. "पुढं बसलं की दिसते ना," म्हणाली.) तेव्हा हा नाद मी सोडला आहे, आणि वर्तुळाकार गती यापुढेही फळ्यावरच होईल.

मामीस नमस्कार. संत्री नितेशबरोबर पाठवते आहे, गोड निघाली आहेत.

तुमची भाची,
पौर्णिमा

ता. क. मागणार नाही म्हटलं ते मागे घेते. झेन मला द्या. फुकट नको, बाजारभावाने. सीट काढणार नाही; मामीची जागा मामीचीच राहील, वजन किती का असेना.

आणखी एक ता. क. वरचं खरं आहे, पण पुरतं नाही. मामीचा फोन आला होता. मागच्या आठवड्यात शेतावर जाताना तुम्ही बसथांब्याच्या शेडमागे गाडी उभी केलीत आणि शेडलाच एस.टी. समजून हॉर्न दिलात. मामी मागून म्हणाली, "ते नाही हालत." तुम्ही म्हणालात, "सवाऱ्या चढून राहिल्या, चढू दे." मोतीबिंदू पिकला आहे असं डॉक्टर म्हणतात, आणि ऑपरेशननंतर काही दिवस गाडी चालवता येणार नाही म्हणून तुम्ही तारीखच घेत नाही. मामीने मला बजावलं होतं, "डोयाचं काई बोलू नको. नुसती गाडी माग. भाचीले नाही म्हननार नाहीत ते." मामा, गाडी मला खरंच हवी आहे. पण या वेळी शेड होती, पुढच्या वेळी समोर खरा ट्रक असेल आणि तो तुम्हाला दिसणार नाही, या धास्तीने जास्त हवी आहे. ऑपरेशन करून घ्या. डॉक्टर हो म्हणाले की ट्रॅकवरचा पहिला फेरा तुमचा. तिथे समोरून कोणी येत नाही.

शेवटचा ता. क. हे पत्र मी मुद्दाम नेहमीच्याच बारीक अक्षरात लिहिलं आहे. तुम्ही ते स्वतः वाचत असाल, तर मामीने आणि मी तुमच्यावर अन्याय केला; दोघींच्या वतीने माफी मागते, आणि झेन तुम्हालाच लखलाभ. आणि मामी वाचून दाखवत असेल, तर ती मघाशीच "संपलं" म्हणून थांबली असेल. मामी, संपलेलं नाही, वाच. मामा, माझं म्हणणं एवढंच आहे: हे पत्र या क्षणी ज्याच्या हातात आहे, गाडीची किल्लीही त्याच्याच हातात द्या.