खरं बोलायचा नियम आणि एक गिरकी

३ जून, मंगळवार
तिसरा क्लास. आज लाजच निघाली. बॅलेचे नवेकोरे मऊ बूट दारात चपलांच्या रांगेत काढून ठेवले आणि अनवाणी आत गेले. नाचायच्या जागी पायात घालून कसं जायचं? मनाला पटतच नाही. आठ-नऊ वर्षांच्या पोरी खी खी खी. रेवा टीचर (वय सव्वीस, म्हणजे माझ्या जवळजवळ निम्मी) म्हणाली, "काकू, ते आतच घालायचे असतात."
हसा म्हणावं. एकोणपन्नासाव्या वर्षी कळंब्याच्या रस्त्याला ब्लाऊज पोचवायला जाते काय, वरच्या मजल्यावर पोरींना एका पायावर उभ्या बघते काय, आणि अर्धा तास दारात खिळून राहते काय. रेवा म्हणाली, "आत या की." गेले.
घरी: योगा. मंगळ-शुक्र, सहा ते सात.

१७ जून
मांड्या धरल्यात. जिना उलटा उतरले. ह्यांनी विचारलं, "योगानं असं होतं व्हय?" म्हटलं, सुरुवातीला होतं.
पण आज रेवानं सगळ्यांसमोर माझे घोटे दाखवले. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायचं, पोरी डुगडुगतात, मी खांबासारखी. "काकू, आधी काय करत होता?" काय करणार बाई, तीस वर्षं पायानं शिलाई मशीन मारली. आयुष्यात पहिल्यांदा त्या मशीनचं भलं चिंतलं.

१३ जुलै, रविवार
घात झाला.
चातुर्मास सुरू, बस्तीत (आमच्या जैन मंदिरात) साध्वी माताजींपुढं बायका नियम घेत होत्या. कुणी दही सोडलं, कुणी साखर, कुणी मालिका. माझी पाळी आली. चहा सोडवत नाही, दही सोडलं तर जेवण जात नाही. आत्ती (सासूबाई) बाजूलाच, कोपरानं ढोसायला लागल्या. तोंडातून गेलं, "चार महिने खोटं बोलणार नाही."
वाटलं, हे सोपं. स्वयंपाकघरातलं काही जात नाही.
माताजी म्हणाल्या, "विचार करून बोललीस ना?" मी मान हलवली. आत्तींचा चेहरा असा फुलला, जणू सुनेनं पुण्य कमावलं. पायऱ्या उतरताना आठवलं. योगा.

१८ जुलै
"योगाला चाललीस?" ह्यांचा प्रश्न. मी चपला शोधत राहिले. "आलेच सव्वासातला." हे खोटं नाही. पण किती दिवस?

२२ जुलै
रेवा म्हणाली नोव्हेंबरात कार्यक्रम. नाट्यगृहात, खरं स्टेज, लाईट. आम्ही मोठ्या दोघीच, मी आणि एक दातांची डॉक्टरीण. दोघींना मिळून तीन मिनिटं. अट एकच: पिरुएट यायला पाहिजे. म्हणजे एका पायावर पूर्ण गिरकी आणि आवाज न करता खाली.
मला पाहिजे ते स्टेज. इतकं काही पाहिजे असं लग्नानंतर कधी वाटलंच नव्हतं.

२ ऑगस्ट, शनिवार
आत्तींनी सरळच विचारलं. हे जेवायला बसलेले. "त्रिशला, योगा करून नखं काळी पडत्यात व्हय गं?"
एकदा वाटलं, म्हणावं व्हय. जीभ उचललीच नाही. म्हटलं, "योगा न्हाय. नाच हाय. बॅले म्हणत्यात. कार्यक्रमात नाचायचं हाय मला."
ह्यांचा घास तसाच. "ह्या वयात? लोकांपुढं?"
"व्हय."
"बंद कर. दुकानात गिऱ्हाईक तोंडावर हसंल माझ्या."
"मग हसू दे की! मी काय चोरी केली?"
हे ताट सरकवून उठले. मीपण भांडी अशी आपटली की शेजारीण खिडकीत आली. रडले नाही. चिडले फक्त, लई चिडले.

५ ऑगस्ट, मंगळवार
गेले नाही. सहा वाजले, साडेसहा वाजले. मशीनवर बसून एकाच बाहीला तीनदा टीप घातली आणि तीनदा उसवली.
हे दुकानातनं आले तशी आत्तींनी हाक मारली. मी आतनं ऐकत होते.
"अरे, तिनं नियम घेतला म्हणून ती खरं बोलली. बोलली म्हणून तू दार लावलंस. मग उद्या ह्या घरात खरं कोण बोलंल?"
"आई, पण नाच…"
"नाचाचं मला कळत न्हाय. नियमाचं कळतं."
ह्यांनी टीव्ही मोठा केला. आत्ती आत येऊन मला म्हणाल्या, "शुक्रवारी जा. पर दिवस बुडायच्या आत जेवून जायचं. ते चुकायचं न्हाय."
ह्या बाईच्या पाया पडावं की मिठी मारावी? दोन्ही केलं. "सोड गं, दम लागतोय," म्हणाल्या.

८ ऑगस्ट
सव्वापाचला भाकरी आणि झुणका खाऊन सहाला एका पायावर. पोट एकीकडं, मी एकीकडं. इतर घरातल्या बायकांना हा ताप नाही. पुढच्या वेळी अर्धी भाकरी.

२८ सप्टें., रविवार
गिरकी येत नाही. म्हणजे नाहीच. रेवाला कारण सापडलं: मी मागं झुकते. फुगडीची सवय! माहेरी शिरोळात गौरीला फुगडी घालताना मला कुणी हरवलं नव्हतं. पण फुगडीत समोरची हात ओढून धरते, म्हणून मागं रेललं तरी चालतं. इथं धरायला कुणी नाही.
घरी स्वयंपाकघरात सराव. धप्प. धप्प. बाहेरून हे: "भूकंप झाला काय?" दोन महिन्यांत माझ्याशी बोललेलं पहिलं जादा वाक्य. मी म्हटलं, व्हय, अजून दहा धक्के हाईत.

१४ ऑक्टो.
रेवा: "काकू, दिवाळीनंतर ठरवू या. नाही जमलं तर तुम्ही दोन्ही हात वर धरून उभ्या राहा, डॉक्टर गिरकी घेतील." वाईट हेतू नव्हता. रिक्षात डोळे भरून आले. उभं राहायला मी काय खांब हाय?

२६ ऑक्टो., रविवार
आली! आली! आली!
नजर मिक्सरच्या बटणावर, कंबर वर, मागं नाही, कुणाच्या हाताची वाट बघायची नाही. गेले आणि परत मिक्सर समोर. आवाज नाही. मी अशी किंचाळले की आत्ती काठी घेऊन धावत आल्या, "पाल पडली का?"
"पाल न्हाय आत्ती, बघा." परत केली.
"आणखी एकदा."
अकरा वेळा केली. नऊ बरोबर. दूध उतू गेलं, दोघींनी बघितलंसुद्धा नाही.

७ नोव्हें.
चातुर्मास संपला. नियम सुटला. आता खोटं बोलायची मुभा. बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.
रेवानं आज तीन वेळा गिरकी बघितली आणि यादीत माझं नाव पेनानं लिहिलं. पेन्सिलीनं नाही.

२३ नोव्हें., रविवार
केलं!!
पडद्यामागं डॉक्टरीणबाई माझा हात इतका दाबत होत्या की म्हटलं, बाई, दात नव्हे हा. पडदा गेला, लाईट डोळ्यावर, समोर नुसता काळोख. पहिली दोन मिनिटं काय केलं आठवत नाही. मग ती जागा आली. नजर धरली मागच्या दाराच्या हिरव्या दिव्यावर. गेले. आले. पाय खाली, आवाज शून्य. आणि मग थिएटरात आवाज! "एक नंबर, काकू!" शिट्ट्या. बॅलेला शिट्ट्या वाजवत नाहीत म्हणे, पण हे कोल्हापूर हाय.
आत्ती पहिल्या रांगेत, उभ्या राहून टाळ्या. हे येणार नाही म्हणालेले. पण आत्तींनी घरी आल्यावर सांगितलं, मागं भिंतीला टेकून उभा होता, शेजारच्या माणसाला म्हणाला (तोच बाहेर आत्तींना भेटला), "आमची मंडळी हाय ती."
मला काय म्हणाले? "दमलीस का?" म्हटलं, नाही. खरं तर लई दमले होते. चातुर्मास संपलाय.

२४ नोव्हें., सोमवार
व्हिडिओ शिरोळला पोचला. सकाळी तिथं दिलेल्या नणंदेचा, शैलावन्संचा, ह्यांना फोन. आवाज मला कणकेपर्यंत ऐकू येत होता. पाहुण्यांत चर्चा हाय, वैनीला ह्या वयात काय झालंय, कुणी विचारलं तर योगाचा कार्यक्रम होता म्हणून सांगा.
ह्यांनी फोनवर हात ठेवला. "काय सांगू?"
माझे हात कणकेत. म्हटलं, "मला काय विचारता? काल मागं उभं राहून जे बघितलंत ते सांगा."
आत्ती जपमाळ थांबवून बघत होत्या. ह्यांनी घसा खाकरला. "हे बघ शैला…" आणि फोन घेऊन गॅलरीत गेले. दार ओढून घेतलं. लई वेळ बोलत होते, एकदा आवाजही चढला. शैलावन्संवर की माझ्या नावानं, ते काचेतून कळलं नाही.
आत आले, चहा मागितला, प्याले, दुकानाला गेले. काय सांगितलं ते ह्यांच्यापाशी, मी पोळ्या लाटायला घेतल्या.
उद्या मंगळवार. सव्वापाचला जेवण, सहाला क्लास.