जुना म्हणून विकू नये

मी, हेमराज वना पाटील, वय शहात्तर, पूर्वीचा धंदा गुरांच्या बाजारात दलाली, राहणार देवपूर, धुळे, आज शनिवारी पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. हट्ट मात्र एकाने धरला. तो कोणी आणि कशासाठी ते खाली येईलच. माझे हृदय बिघडले आहे, डोके शाबूत आहे, आणि तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. परवा सोमवारी नाशिकला छातीचे ऑपरेशन आहे. रतिलाल वकील म्हणाले, नाना, मोजके लिहा. मी आयुष्यभर मोजकेच बोललो. आज थोडे जास्त लिहितो, वकिलांनी सांभाळून घ्यावे.

कलम १. माझी पत्नी कुंदाबाई वारली. मागे मुलगा ललित, त्याची बायको नूतन, आणि जामनेरला दिलेली मुलगी कामिनी, एवढीच माणसे आहेत. दुसरा कोणी वारस म्हणून उभा राहिला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

कलम २. गावची कोरडवाहू जमीन कामिनीला द्यावी. ती गेली अनेक वर्षे बांधावर येऊन कापूस बघून जाते, ललितला शेताचा रस्ता विचारावा लागतो. कुंदाबाईचे दागिने नूतनला द्यावेत. सासू-सुनेचे फारसे पटले नाही, पण शेवटच्या आजारपणात नूतननेच तिला उठवले-बसवले, आणि ते मी पाहिले आहे.

कलम ३. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी माझे मित्र सोहनलाल, भांड्यांचे व्यापारी, यांना नेमतो. माझी आरामखुर्चीही त्यांनीच न्यावी, तसेही ते माझ्याआधी येऊन तिच्यावर बसतात. मी फसलो तेव्हा ते मला हसले होते, तो राग मी सोडलेला नाही. पण सल्ला त्यांनी बरोबर दिला होता, हे लिहून देतो.

कलम ४. बँकेतली शिल्लक. ती जवळजवळ नाही. का नाही ते पुढच्या कलमात आहे. आकडा मी इथे लिहिणार नाही. आयुष्यात कधी आकडा तोंडाने बोललो नाही, मरताना कागदावर कशाला मांडू?

कलम ५. पितळी नंदी.

ज्यांना आमचा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गुरांच्या बाजारात भाव उघड बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात, बोटे दाबून किंमत सांगतात, आणि भोवती कितीही माणसे उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. मधे दलाल असतो. माझ्या रुमालाखाली ठरलेला सौदा कधी मोडला नाही. धुळ्याच्या बाजारात लोक बैलाचे दात बघत नसत, हेमराजनाना मधे आहेत का एवढेच विचारत. माझी कमाई म्हणाल तर ती एवढीच.

मागच्या वर्षी ललितने मला मोबाइलवर जुन्या वस्तूंचा लिलाव दाखवला. त्यात एक पितळी नंदी होता. हातभर लांब, वशिंड भरलेले, मान किंचित वळवलेली. असा बैल मी बाजारात दोनदाच पाहिला असेल. जीव अडकला. पण त्या लिलावात कोण किती बोलतो ते सगळ्या जगाला दिसत होते. मला भर बाजारात धोतर सुटल्यासारखे वाटले.

एका फोटोत नंदीच्या पायाशी चिठ्ठी होती, चिठ्ठीवर फोन नंबर. मी फोन लावला. पलीकडचा माणूस आमच्या अहिराणीत बोलला. "नाना, आपलाच माणूस शे मी. अ‍ॅपवर भाव बठ्ठासले दिखस. आपण बाहेरच करी लेऊत."

भाव सगळ्यांना दिसायला नको, सौदा बाहेरच करू, हे ऐकून मला बरे वाटले. इतक्या परक्या कारभारात एक जण रुमालाखाली हात धरायला तयार होता.

सोहनलाल तेव्हा माझ्याच खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "नाना, अ‍ॅपच्या बाहेर जाऊ नका. आत पैसे भरले की ते कंपनीकडे अडकून राहतात. वस्तू हातात आली, तुम्ही पसंत आहे म्हटलं, की मगच विकणाऱ्याला जातात. बाहेर गेलात की तुम्ही आणि तुमचं नशीब." मी त्यांना म्हटले, तुम्ही भांडी विका. आणि पैसे परस्पर पाठवले. ऑपरेशनसाठी ठेवलेलेसुद्धा, कारण तेव्हा छातीत नुसती कळ येत होती आणि मी ती पित्तावर ढकलत होतो.

नंदी आला. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तिथेच समजलो. पिढ्यान् पिढ्या पोळ्याला ज्याला कुंकू लावले, त्याचे कपाळ हात फिरून फिरून गुळगुळीत होते. याचे कपाळ खरखरीत होते. आणि जिथे कोणाचा हात जात नाही, त्या पोटाखाली मात्र घासून घासून जुनेपण आणलेले. घासणाऱ्याने कधी नंदी पुजला नसावा.

तो नंबर बंद झाला. कंपनीला फोन केला तर एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, हा व्यवहार आमच्या अ‍ॅपमधून झालेला नाही, त्यामुळे खरेदीदाराला मिळणारं संरक्षण तुम्हाला लागू होत नाही." तिच्यावर माझा राग नाही. तिने नियम सांगितला, जो मला आधीच सांगितला गेला होता. सायबर पोलिसांत जातो म्हटले तर ललितने हात धरला. धुळ्याचा दलाल बैलात फसला, तोही पितळी, असे लोक म्हणतील म्हणाला. मी थांबलो. नंतर गेलो, पण उशिरा गेलो. ती तक्रार माझ्या पश्चात सोहनलाल यांनी चालू ठेवावी आणि त्यासाठी कोणाच्याही हसण्याची पर्वा करू नये.

कलम ६. इथून पुढचे सांगताना मी वकिलांना दोनदा थांबायला लावले. तो औषधाचा परिणाम आहे असे समजू नये.

या बुधवारी सोहनलाल मोबाइल घेऊन आले आणि तो माझ्यासमोर धरला. तोच नंदी, त्याच अ‍ॅपवर पुन्हा लिलावाला, मुदत उद्या रविवारी संध्याकाळपर्यंत. खाली लिहिलेले होते: धुळे बाजारातील नामांकित दलाल हेमराजनाना पाटील यांच्या देवघरातील, चार पिढ्यांच्या पूजेतला. वस्तू परत घेतली जाणार नाही, पण अ‍ॅपच्या नियमाप्रमाणे खोटी निघाल्यास आठवडाभरात तक्रार करता येईल, असेही खाली बारीक अक्षरात होते. विकणारा ललित हेमराज पाटील.

ललितला विचारले. तो लपवाछपवी करण्यातला नाही, तोंडावर बोलला. "नाना, आपलेबी कोणी फसाडंच ना? मी फक्त पुढे सरकाई ऱ्हायनू. तुमना ऑपरेशनना पैसा मी कोठेन आनू?"

मी म्हटले, माझे नाव कशाला घातलेस? तो म्हणाला, त्या नावाशिवाय बोली लागत नव्हती.

सगळ्यात वरची बोली भडगावच्या कोकिळा महाजन यांची होती. त्यांची पिठाची गिरणी आहे. त्यांनी खाली प्रश्न विचारला होता, नंदी खरेच नानांच्या घरचा आहे ना, कारण आमच्या जोडीतला एक चोरीला गेला आणि उरलेल्याच्या शेजारी यंदा पोळ्याला दुसरा बसवायचा आहे. ललितने उत्तर दिले होते, हो ताई. मी ते दोनदा वाचले. आठवडाभराच्या तक्रारीचा या बाईला काय उपयोग? पाटावर बसवून कुंकू लावलेला नंदी कोण खोटा म्हणून परत पाठवतो? शंका आली तरी ती गप्प बसली असती. ललितने एवढा विचार केला होता की नाही, मी त्याला विचारले नाही. उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती.

बोली लागल्यावर माल सहज मागे घेता येत नाही. कंपनीला अर्ज केला, "विचाराधीन" एवढे उत्तर आले. मृत्युपत्रात मनाई लिहितो म्हटले, तर वकील म्हणाले, हा कागद तुम्ही गेल्यावर चालतो, रविवारी तुम्ही असाल. म्हणजे मी जिवंत होतो हीच अडचण होती.

मग नूतनने नवऱ्याच्या मोबाइलवरून कोकिळाबाईंना लिहिले: मी हेमराजनाना, नंदी नवा आहे, घेऊ नका, मला फोन करा. उलट उत्तर आले: "मला बोलीतून हटवून बाहेर दुसऱ्याला विकायचा डाव ओळखला आहे. मी अ‍ॅपच्या बाहेर कोणाशी बोलत नाही. तुमची तक्रार करते." मी ज्या सावधपणाला हसलो होतो तो तिच्याकडे होता, आणि त्याच सावधपणामुळे माझे खरे तिच्यापर्यंत पोहोचत नव्हते. त्या रात्री नूतनने मला दोनदा गोळी जिभेखाली ठेवायला दिली.

काल शुक्रवारी ललित कामावर गेल्यावर मी नंदी रिक्षात घालून सोहनलाल यांच्याकडे नेला. लग्नाच्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नावे घालणारा कारागीर तिथे बसतो. त्याला म्हटले, कपाळावर घाल. तो कचरला, देवाच्या अंगावर नको म्हणाला. मी म्हटले, हा अजून देव झालेला नाही, होऊ नये म्हणूनच घालायचे आहे. त्याने घातले: "हा नंदी नवा आहे. जुना म्हणून विकू नये. हेमराज वना पाटील, धुळे." नूतनने आपल्या मोबाइलवर ललितचे खाते उघडून तसा फोटो लिलावात टाकला. बोली जिथे होती तिथेच थांबली.

संध्याकाळी ललितने तो नंदी पाहिला. जेवला नाही, गच्चीवर जाऊन बसला.

कलम ७. तो फोटो पाहून आज सकाळी कोकिळाबाई माझे घर विचारत स्वतः आल्या. भडगावहून पहिल्या एसटीने. चप्पल काढायच्या आधी बोलल्या, "शंभर वर्षांच्या देवाच्या कपाळावर खिळे मारलेत तुम्ही? पैसे वाढवून हवे होते तर सांगायचं."

मी खाटेवर होतो, उठवत नव्हते. ललित दारात उभा होता. त्याला जाता आले असते. मी त्याला थांब म्हटले नाही, तसे डोळ्यांनीही सुचवले नाही. तो आत आला, नंदी उचलला, उलटा केला आणि त्यांना पोटाखालचा घासलेला भाग दाखवला. मग त्यांचा हात धरून कपाळाच्या खरखरीत पितळेवर ठेवला. "ताई, खोटं मी लिखेल व्हतं. नानाले माहीत नव्हतं."

त्यांनी कपाळावरून आणि पोटाखालून बोट फिरवून पाहिले. मग ललितला विचारले, "मी हा घरी नेऊन पुजला असता. मग?"

ललितने नंदी पुन्हा सरळ ठेवला. नूतनने चहा आणला, तो कोकिळाबाईंनी घेतला, आणि तेवढ्याने माझ्या छातीवरचे ओझे थोडे हलले. त्यांच्यासमोरच ललितने कंपनीला फोन लावून सगळे सांगितले आणि खाते बंद करायला लावले. पुढे काय कारवाई व्हायची ती होऊ दे म्हणाला. नंदी पोलिसांना लागेल तोवर तिकडे ठेवावा, नंतर सोहनलाल यांच्या दुकानात गल्ल्याजवळ ठेवावा. ऑपरेशनचे पैसे कामिनी आणि सोहनलाल यांनी मिळून उभे केले आहेत. ते मला आवडलेले नाही, पण घेतले आहेत.

कलम ८. घर. वकिलांनी केलेल्या कच्च्या मसुद्यात घर ललितला होते. बुधवारी रात्री मी ते खोडायला सांगितले होते, आज दुपारी पुन्हा लिहायला सांगितले. मग साक्षीदारांचा प्रश्न आला. कोकिळाबाई एका सहीला तयार झाल्या. दुसरी सही कोणाची, तर ललित म्हणाला, माझी. वकील म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष करू नये, उद्या कोणी बोट दाखवेल.

ललित म्हणाला, "मंग मना नाववर काहीच नका लिखू, नाना. सही मी करसू."

मी त्याला समजावले. घर लहान गोष्ट नव्हे, सही कोणीही करील, शेजारी आहेत. त्याने ऐकले नाही. म्हणाला, माझ्या खोट्या शब्दावर एक बाई फसणार होती, आता माझी सही एका खऱ्या कागदावर होऊ द्या. चाळीस वर्षांचा मुलगा, माझ्यासारखाच हट्टी. मला त्याचा राग होता, अजून आहे, आणि तरी त्या क्षणी मला त्याला जवळ घ्यावेसे वाटले. घेतले नाही, सगळे बघत होते.

म्हणून देवपूरचे राहते घर मी कामिनीला देतो. नूतनला तिच्या हयातीत तिथे राहण्याचा हक्क राहील आणि तो कोणी काढू शकणार नाही. कामिनीला फोनवर कळवले आहे. ती रडली आणि म्हणाली, दादाला सोडून मला ते घर नको. ते बहीणभावाने बघावे.

माझे नाव मी कोणाला देत नाही. ते वाटणीत नाही. ज्याला ते लावायचे असेल त्याने माझ्यासारखे वागून लावावे.

हा मजकूर मी सांगितला, वकिलांनी लिहिला, मला वाचून दाखवला, आणि मला तो मान्य आहे.

ठिकाण: धुळे
दिनांक: २ ऑगस्ट २०२५

(सही) हेमराज वना पाटील

साक्षीदार, ज्यांनी नानांना आमच्यासमोर सही करताना पाहिले:

१. (सही) कोकिळा लीलाधर महाजन, राहणार भडगाव. आज पहिल्यांदाच भेटले. नाना शुद्धीत आहेत.

२. (सही) ललित हेमराज पाटील, राहणार देवपूर, धुळे. वरील सर्व मजकूर मी वाचला. कलम ६ मध्ये माझ्याबद्दल लिहिले आहे ते खरे आहे. या मृत्युपत्रातून मला काही मिळत नाही.