रंगूबाईंची टेप

सांगली, १२ नोव्हेंबर २०२४

आदरणीय तात्या,

तीन महिने तुमचा फोन घेतला नाही, माफ करा. तुमच्या रंगूबाई गेल्यावर तुम्ही पलूसहून विचारलं होतंत, "बाई, रंगूच्या ओव्या हायत न्हवं तुमच्याकडं? आता रेडिओ मोबाइलवर लागतोय म्हणत्यात. तिला बी घाला की त्यात." मी म्हणाले, शोधतेय.

शोधत नव्हते. आमच्या रेडिओ केंद्रात टेप कमी पडायच्या, म्हणून जुनी पुसून तिच्यावरच नवा कार्यक्रम घ्यायचो. २००३ साली फर्माईशी गाणी सुरू झाली, तेव्हा रंगूबाईंची टेप मीच उचलली. साहेबांनी सांगितलं म्हणून, असं मी स्वतःला समजावत आले. ते फक्त "कुठलीही एक घे" म्हणाले होते.

पुसण्याआधी ऐकली होती. ओवी मध्येच थांबवून त्या विचारतात, "आवं, ऐकताय न्हवं?" मला हसू आलं आणि मी बटण दाबलं. त्या कुणाला विचारत होत्या, हे तुमचा फोन आल्यावर कळलं. तुम्हीच सांगितलंत, प्रसारणाच्या वेळी तुम्ही फौजेत, लेहला होतात.

पुढे सीडी आल्या, संगणक आला. ते वाक्य मात्र आता माझ्याच कानात उरलंय.

तुमची अपराधी,
चारुशीला

उद्या: पत्र पोस्टात न टाकता सकाळच्या एसटीनं पलूस. तात्यांना सगळं समोर बसून सांगणे.