नखाएवढ्या चिपचा पर्दाफाश

३ मार्च, सोमवार
आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आज चिप आली. नखाएवढी. आत म्हणे केसाहून हजारपट बारीक तारा आहेत. थेंब टाकला की बारा मिनिटांत मोबाइलवर जंतूचं नाव! मी एकतीस वर्षं प्लेटवर जंतू वाढवतोय, झाकण उघडून वासावरून ओळखतोय. मास्क लावला की वास येत नाही, म्हणून लावत नाही. आमच्या डॉक्टरीणबाईंना हे कळत नाही. वय वर्षं तेहतीस, कळणार कसं?
संकल्प: महिन्याभरात चिपला तोंडावर पाडणे.

४ मार्च
बायकोच्या घोट्याची जखम अजून ओलीच. साधं ऑपरेशन, टाके काढून तीन आठवडे झाले. सर्जनच्या कानाखाली वाजवली पाहिजे. ड्रेसिंग मी स्वतः करतो. परक्या हातांवर माझा विश्वास नाही. औषध झोंबतं म्हणून अगदी जवळ जाऊन फुंकर घालतो. कोणता नवरा करतो एवढं?

६ मार्च, सकाळी ८
बायको म्हणाली, चिपवर बघू या का. घरातच फितुरी! रागाने नाश्ता केला नाही. (नंतर केला.) जखमेतला पू घेऊन माझ्या प्लेटवर लावला.

८ मार्च
प्लेटवर सोनेरी ठिपके. वास घेतला. स्टॅफ. माणसाच्या नाकात राहणारा जंतू. पण ड्रेसिंग मी करत असताना जखमेत येईल कुठून? म्हणजे लॅबमध्ये कोणीतरी प्लेटवर शिंकलंय. प्लेट फेकली. नोटीस लावली: शिंकणाऱ्याची गय केली जाणार नाही.

११ मार्च
दुसरी प्लेट, तेच ठिपके. सफाईवाल्या मावशींवर ओरडलो. त्या म्हणाल्या, साहेब, तुमच्या टेबलाजवळ तर तुम्ही मला फिरकूही देत नाही. वर तोंड करून बोलतात!
बायकोला ताप, एकशे एक. पाय सुजलाय. सर्जन नालायक आहे. ड्रेसिंग आता दिवसातून दोनदा.

१२ मार्च
मला न सांगता बायको सुनेबरोबर हॉस्पिटलात गेली. चिपवर तपासणी! निकाल: स्टॅफ, तोही चालू गोळ्यांना दाद न देणारा. डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं.
तळपायाची आग मस्तकात गेली. लेखी मागणी केली: चिप एवढी हुशार असेल तर लॅबमधल्या प्रत्येकाचं नाक तपासा. बाई लगेच हो म्हणाल्या. घाबरल्या असणार.

१३ मार्च, दुपारी १२.४०
अकरा नाकं. दहा स्वच्छ.

दुपारी १.१५
चिप सदोष आहे. दुसरी चिप मागवली. तीही सदोष. आता माझा नमुना माझ्याच प्लेटवर. प्लेट खोटं बोलत नाही.

१५ मार्च
सोनेरी ठिपके. त्या गोळ्यांना दाद न देणारे.
बायकोला सांगितलं. तिला हसू आवरेना. म्हणाली, आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला. मग हसता हसता रडायलाच लागली. फार दुखलं हो, म्हणाली.

१९ मार्च
नाकात मलम, पाच दिवस. सक्तीची रजा. बायकोचा ताप उतरला, जखम भरतेय. ड्रेसिंग सून करते. आज मदतीला गेलो तर बायकोने हात वर करून दारातच थांबवलं. मला काहीतरी बोलायचं होतं. सून म्हणाली, बाबा, बोला, पण तोंड तिकडे करून.
भिंतीकडे तोंड करून माफी मागितली.