चांगल्या कोलेस्टेरॉलचा भरवसा

धाकट्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी. जेवण झाकून ठेवलंय, पण आधी हे वाच.

‘माझं चांगलं कोलेस्टेरॉल भरपूर आहे, हृदयाला काही होणार नाही,’ असं तू छाती ठोकून सांगत असतोस. पण परवा जिन्यात कठडा धरून थांबलास आणि मला बघताच म्हणालास, ‘ताई, बुटाची नाडी बांधतोय.’ अरे, तुझ्या पायात चपला होत्या! तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकतेय. काल तू रंगाची बादली खाली ठेवून डावा खांदा चोळत होतास. विचारलं तर म्हणे, छत रंगवून दुखतोय. रंगवतोस तर उजव्या हाताने.

म्हणून आज डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, चांगलं कोलेस्टेरॉल रक्तवाहिन्यांत साचलेली चरबी उचलून यकृताकडे नेतं, हे खरं. पण वाईट कोलेस्टेरॉल वाढत राहिलं आणि वर सिगारेटीही चालू असल्या, तर ते एकटं किती पुरं पडणार? त्याच्या भरवशावर दुखणं अंगावर काढू नका, असं त्यांनी बजावलंय. सिगारेट सोडलीस ना, असं मी विचारणार नाही. पुदिन्याच्या गोळ्या कोणासाठी आणतोस, ते मला कळतं.

बाबाही शेवटपर्यंत ‘गॅस झालाय’ म्हणत होते.

मी परत दवाखान्यात जाऊन तुझा नंबर लावून बसतेय. चालत येऊ नकोस, टॅक्सी कर. रागावून ये, भांडत ये, पण ये.

ताई