धुळीचा तज्ज्ञ पहिल्या रांगेला हसवणार

४ जून
टीव्हीवरच्या विनोदी मुलाखतीचं आमंत्रण आलं. शेवटी कुणाला तरी अक्कल आली म्हणायची. धुळीच्या कणांवरच्या कामामुळे माझं नाव जगभर आहे, पण माझा सेन्स ऑफ ह्यूमर घरच्यांनी दाबून ठेवलाय. बायकोला सांगितलं. म्हणाली, जा, पण कृपा करून जोक तेवढे करू नका. डोकंच फिरलं! लग्न झाल्यापासून माझ्या एकाही जोकला ही बाई हसलेली नाही. आता स्टुडिओत पहिल्या रांगेत बसवून हसवतो. नाही हसली तर उभ्या जन्मात जोक करणार नाही.

७ जून
लॅबमध्ये पीएचडीच्या विद्यार्थ्यांवर जोकची टेस्ट. पूर्ण शास्त्रशुद्ध. सगळे पोट धरून हसले. एक जण तर जोक संपायच्या आधीच. फक्त एक मुलगी हसली नाही. तिचा प्रबंध गेल्याच आठवड्यात मंजूर झाला. काम झालं की माणसं कशी तोंड फिरवतात! तिचं रीडिंग गाळलं.

८ जून
तेच जोक बायकोला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, झालं का?
हेही रीडिंग गाळलं. उपकरणच बिघडलेलं असेल तर रीडिंग धरत नाहीत.

१० जून
घोर अन्याय. अभ्यासिकेतल्या टेबल-फॅनवर मी गेल्या वर्षापासून धूळ साचू देत होतो. सँपल होतं ते! वर चिठ्ठी चिकटवली होती, हात लावू नये. बायकोने पुसून टाकला. ओल्या फडक्याने! कारण काय, तर दादा-वहिनी जेवायला येणार. आरडाओरडा केला. म्हणाली, चिठ्ठीपण पुसलीय, बघा कशी चकचकीत झाली. अबोला धरला.
जेवताना मीठ मागावं लागलं, म्हणून सोडला.

१२ जून, सकाळ
आज शूटिंग. मेव्हण्याचा फोन. म्हणे, भावजी, नुसतं बसून या. जळतो मेला.

१३ जून
काल सत्यानाश. पहिल्या जोकला चिटपाखरू हसलं नाही. समजावं म्हणून चार्ट दाखवला. कुणीतरी खोकलं. पहिल्या रांगेत बायको पर्समध्ये काहीतरी शोधत होती. जोक संपेपर्यंत तिला ते सापडलं नाही.
मग तो मुलाखत घेणारा दीडशहाणा विचारतो, सर, तुमच्या घरी धूळ कोण पुसतं?
तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं सांगितलं. फॅन, चिठ्ठी, ओलं फडकं. पुसल्याने धूळ जात नाही, जागा बदलते, हे मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंना आकृती काढून समजावलं होतं, तेही सांगितलं. तर लोक हसायला लागले! म्हटलं, हा हसण्याचा विषय नाही. आणखी हसले. संतापून टेबलावर मूठ आपटली, तर टेबलावरून धूळ उडाली. उत्तम प्रतीची होती. साहजिकच खिशातली सँपलची डबी काढून सगळ्यांना पंखे बंद करायला सांगितलं. लोक खुर्च्यांवरून घसरले. निर्लज्ज.
बायको तोंडात रुमाल कोंबून रडत होती. पश्चात्ताप झाला असणार. परत येताना गाडीत मीच बोललो नाही.

१८ जून
कार्यक्रम लागला. मी बघणार नव्हतो. बाजूच्या खोलीतून बघितला. त्या दीडशहाण्याचा फोन आला, सर, परत या, फक्त जोक नकोत, नुसते रागवा. फोन आपटला.
बायको त्या दिवशी रडत नव्हती. फॅनचा भाग पुन्हा पुन्हा लावून आत्ताही तशीच हसतेय, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिला विचारलं, नक्की कोणता जोक आवडला? म्हणाली, जोक? तुम्ही जोक कधी केलात?
भयंकर राग आला. हसताना ती छान दिसते, याचाही आला. इतकी वर्षं हे मला का दाखवलं नाही?
उद्यापासून फॅन मी पुसायचा, असं ठरलंय. कुणी ठरवलं ते समजलं नाही.